आज्जीचं ताक असताना प्रोबायोटिकच्या गोळ्या कशाला?

गंगावेसकर: दाढेसाठी अँटिबायोटिक चालू केलं आणि तिसऱ्या दिवसापास्नं दिवसाला सहा खेपा. मेडिकलवाल्यानं प्रोबायोटिक कॅप्सूलची पट्टी हातात ठेवली, पावणेतीनशे रुपये, वर म्हणतोय इम्युनिटीपण वाढते! आमची आज्जी रोज कवडी दही लावते. तालमीतल्या पैलवानांनी कुठं खाल्ल्या होत्या कॅप्सूल? लुबाडालेत राव.

फार्मसीवाला: भावा, पैलवानाचं सांगू नको, तो हजार बैठका मारतोय. एफएओ-डब्ल्यूएचओ या जागतिक अन्न आणि आरोग्य संघटनांची प्रोबायोटिकची 2001 ची व्याख्या बघ, जंतू जिवंत पायजेत, पुरेसे पायजेत आणि फायदा व्हायला पायजे. आज्जीच्या विरजणात कुठला जंतू किती हाय ते आज्जीला तरी म्हाईत हाय का? अँटिबायोटिकच्या जुलाबावर बुलार्डी नावाच्या प्रोबायोटिक यीस्टच्या चाचण्या झाल्यात, आणि ते यीस्ट असल्यानं अँटिबायोटिकनं मरत न्हाई. दह्यातले जंतू मरू शकतात की.

सायीची वाटी: मला दूध पचतच नाही, कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर म्हशीची धार काढून देतात, आमचे हे फेसाळता ग्लास संपवतात आणि मी नुसती बघत उभी. दही मात्र वाटीभर खाल्लं तरी काही होत नाही, कारण त्यातले जंतू लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर फोडायला मदत करतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2010 मधे हा दावा मान्य केलाय, ग्रॅममागं 10 कोटी जिवंत जंतू असले तर. आणि हो, कढी उकळली की जंतू खलास, ती आपली चवीला.

तिकटीवरचा: इम्युनिटी शब्द दिसला की पहिला खिसा धरायचा. आंबट दुधानं आयुष्य वाढतं म्हणणाऱ्या मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाचं नाव घेऊन दही विकतात, पण त्याला 1908 चं नोबेल जंतू गिळणाऱ्या पेशींच्या कामासाठी मिळालं, आंबट दुधासाठी न्हवं! अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेनं 2020 मधे बऱ्याच आजारांत प्रोबायोटिक चाचणीपुरतंच ठेवा म्हटलंय.

फार्मसीवाला: त्याच गाईडलाईनमधे अँटिबायोटिक चालू असताना ठरावीक जंतू द्यायला हरकत न्हाई असंपण हाय, ते कोण वाचणार? इम्युनिटीचं सोडलं बाबा मी. कॅन्सरची केमो चालू असलेल्यानं तर डॉक्टरला इचारल्याबिगर हात लावू नये.

गंगावेसकर: पट्टी फोडलीय, चार राहिल्यात. आज्जी म्हणालीय एवढ्या पैशात म्हशीचं साडेतीन लिटर दूध आलं असतं. आता कॅप्सूल ताकासंगं गिळालोय, दोघांचंपण ऐकल्यासारखं.