आईच्या पावसाळ्यासाठी कादंबऱ्या सुचवा (मदत हवी आहे)

मंडळी, आई फोंड्याला असते, वय 74. पाऊस लागला की घराबाहेर पडणं बंद, मग दोन-तीन दिवसांत एक कादंबरी फस्त! पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातून मीच पुस्तकं नेऊन देते, पण आता माझी यादी संपली.

मी सध्या विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' दुसऱ्यांदा वाचतेय. 1939 सालचं, जेमतेम जाडीचं. पण बोटीवरचे चक्रधर आणि हॅर्टा डोक्यातून जात नाहीत. आईला दिलं तर म्हणाली, "बरं आहे गो, पण पावसात एवढं दुःख कशाला?" दामोदर मावजोंची कोंकणी 'कार्मेलीन' मात्र तिने एका बैठकीत संपवली. कुवेतला आया म्हणून गेलेली बाई तिला शेजारचीच वाटली. (आमच्या वाड्यावरच्याही दोघी गेल्या होत्या.)

तर अशी घरादारातली, ठसठशीत बाई मध्यभागी असलेली मराठी कादंबरी कुठली? गोव्या-कोकणातली असेल तर उत्तमच. राजे-महाराजे नकोत, ते सगळे वाचून झालेत. आणि हो, फार जाडजूड नको, तिचं मनगट दुखतं. का आवडली तेही दोन ओळींत लिहा, नुसतं नाव नको.