मदत हवी आहे: सम्राट ऑरेलियनच्या खुनातली ‘ती यादी’ कितपत खरी?

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या शनिवारच्या कट्ट्यावर मला रोमच्या ऑरेलियनवर वीस मिनिटं बोलायचंय. बाकी सगळं जमलंय, घोडं शेवटाशी अडलंय.

गडी मूळचा शिपाई. घोडदळाचा सेनापती झाला आणि 270 साली सैन्यानेच त्याला गादीवर बसवलं. तेव्हा साम्राज्याची तीन शकलं झालेली: पूर्वेला सीरियातल्या पाल्मिराची राणी झेनोबिया, गॉलमध्ये (आजचा फ्रान्स नि आसपास) निराळाच सम्राट, मधे उरलंसुरलं रोम. पठ्ठ्याने पाच वर्षांत सगळं परत जोडलं. इटलीत घुसलेल्या जर्मन टोळ्यांनी आधी त्याला प्लासेंतियाजवळ चांगलाच मार दिला होता. तो धसका घेऊन त्याने रोमभोवती सुमारे 19 किलोमीटरची भिंत बांधायला घेतली. ती बरीचशी अजून उभी आहे. (टांकसाळीच्या कामगारांचं बंड वेळेअभावी गाळतोय, जीव तुटतोय.)

275 मध्ये इराणच्या स्वारीवर निघालेला असताना बायझँटियमच्या (आजचं इस्तंबूल) अलीकडच्या एका मुक्कामावर त्याचा खून झाला. म्हणे, चिटणीस एरॉस कसल्याशा फुटकळ लबाडीत सापडला. धन्याचा राग ठाऊक, म्हणून त्याने धन्याचंच अक्षर गिरवून मारायच्या माणसांची यादी केली. ज्यांच्यावर खरंच राग होता ती नावं, नव्हता ती नावं, आणि संशय नको म्हणून स्वतःचंही. सरदारांनी यादी वाचली आणि तलवारी काढल्या.

मला हे पचत नाही. गॉलचा हरलेला सम्राट टेट्रिकस याला ऑरेलियनने 274 च्या विजययात्रेत मिरवलं खरं, पण नंतर इटलीत अधिकारपदही दिलं. अशा माणसाबद्दल एका कागदावर विश्वास? शिवाय काही ठिकाणी चिटणिसाचं नाव म्नेस्थेउस आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद 1
म्नेस्थेउस आणि ‘स्वतःचंही नाव’, दोन्ही ‘हिस्टोरिया ऑगस्टा’ या रोमन सम्राटांच्या चरित्रसंग्रहातलं. तो ग्रंथ सहा लेखकांचा म्हणून मिरवतो, पण बहुतेक अभ्यासक तो चौथ्या शतकाच्या अखेरीचा आणि एकाच माणसाचा मानतात. त्यात बनावट पत्रांचा नुसता सुकाळ आहे, त्यामुळे बनावट यादीची गोष्ट त्याच्याच तोंडून ऐकताना हसू येतं. ‘म्नेस्थेउस’ हा ‘चहाडखोर’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दाचा घोटाळा असावा, असाही एक तर्क आहे. एरॉस झोसिमस या ग्रीक इतिहासकाराकडे सापडतो.

मात्र यादी सरसकट उडवू नका. ऑरेलियस व्हिक्टर आणि युट्रोपियस हे चौथ्या शतकातले लॅटिन इतिहासकार, दोघेही ती सांगतात. फक्त त्या दोघांमागे एकच हरवलेला लॅटिन इतिहास असावा, म्हणून साक्षीदार दोन धरू नयेत.

प्रतिसाद 2
टेट्रिकसला माफी मिळाली म्हणून सरदार निर्धास्त होते असं थोडंच? तोच युट्रोपियस सांगतो की ऑरेलियनने बहिणीच्या मुलालाही मारलं. भाच्याची गत पाहिलेला माणूस अक्षर पडताळत बसेल का?

धागाकर्ता
भाचा डोक्यातच आला नव्हता! दोघांचेही आभार. शनिवारी भाचा आत, म्नेस्थेउस बाहेर. पोर्ता सान सेबास्तियानो या रोमच्या वेशीजवळच्या ऑरेलियनच्या भिंतीचा स्वतः काढलेला फोटो कुणाकडे असेल तर द्या, पडद्यावर दाखवेन.