मदत हवी आहे: वार्धक्यावर संशोधन करणाऱ्या गटात कोण काय करतं?

नमस्कार मंडळी. माझी भाची इथे नागपूर विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करतेय. चयापचय, एपिजेनेटिक्स (डीएनएचा क्रम न बदलता जनुकं चालू-बंद कशी होतात याचा अभ्यास) आणि वार्धक्य यांवर काम करणाऱ्या गटात तिला पीएच.डी. करायची आहे. स्टीव्ह होर्वाथ या शास्त्रज्ञांनी २०१३ साली डीएनएवरच्या ३५३ जागांचं मिथिलेशन (तिथे चिकटलेल्या मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा) मोजून वय सांगणारं घड्याळ मांडलं, ते वाचल्यापासून पोरगी झपाटलीय. अभ्यासाच्या टेबलासमोर त्याचा आलेख चिकटवलाय!

अशा गटात उंदीर सांभाळणारे, पेशी वाढवणारे आणि कॉम्प्युटरवर डेटा बघणारे वेगवेगळे असतात, की एकालाच सगळं करावं लागतं? तिचा हात प्रयोगात छान बसलाय, पण कोडिंगचा गंध नाही. नेट परीक्षेच्या अभ्यासासोबतच ते शिकायला घ्यावं का? अशा लॅबमध्ये काम केलेलं कुणी तिच्याशी थेट बोललं तर फार बरं होईल.