नाव नको, पेठ सांगा : सोलापुरातलं खाणं, फिरणं आणि सोबतची माणसं

सोलापुरात घराबाहेर पडायचं तर मुहूर्त बघावा लागतो, आणि तो पंचांगात सापडत नाही. शेजारच्या काकूंना विचारायचं, "पाणी उद्या का परवा?" चार-पाच दिवसांनी नळ येतो. त्या दिवशी सख्ख्या भावाचा साखरपुडा असला तरी घरातलं एक माणूस पिंपापाशी मागे राहतं. आमच्या घरच्या सहलींच्या आठवणीसुद्धा "बघ, पाण्याच्या आदल्या दिवशी गेलो होतो ती" अशाच निघतात.

इथं हा चर्चेचा धागा काढायचं कारण माझे वडील. वय ८१, सगळी हयात कापड गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर गेली. भोंगा बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी पहाटे त्याच वेळेला उठून बसतात. माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्यांना होटगी रोडवरच्या एका नव्या हॉटेलात नेलं. एसी, अंधुक दिवे, काचेच्या भांड्यात पाण्यावर तरंगणारी फुलं. मेनू कार्ड त्यांनी उघडलंच नाही. हात पुसायला छोटा गरम टॉवेल सुरळी करून दिला होता, तो त्यांनी उलगडला, उलटा केला, काठ बघितला, नखानं एक लूप ओढून बघितला.

"सैल हाय. दोन धुण्यात टक्कल पडतंय बघ ह्याला."

मग वेटरला विचारलं, कुठनं घेता? तो पोरगा घाबरला आणि मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर म्हणाला, माल बाहेरच्या राज्यातून येतो, स्वस्त पडतो. "सोलापुरात बसून?" एवढंच वडील बोलले. पुढचं जेवण बिघडलं ते बिघडलंच. पनीरची कसलीशी भाजी चाखून "गोड हाय" म्हणाले आणि बाजूला सारली. रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरात खडखडाट झाला म्हणून उठले, तर बाबा ओट्याशी उभे राहून कडक भाकरीचे तुकडे मोडतायत, वाटीत शेंगाची चटणी, वर दही. मला म्हणाले, "झोप तू. वाढदिवस चांगला झाला."

तर तुम्हीही लिहा. कुणाला घेऊन गेलात, कुठं, काय खाल्लं, काय फसलं. हॉटेलवाल्यांची नावं घालून भांडणं लावू नका. स्वतःचंही नाव नको, पेठ सांगा. सोलापुरात ओळखायला तेवढं पुरतं.

अशोक चौक

ताई, टॉवेलचं वाचलं आणि आईला वाचून दाखवलं. ती आत बिड्या वळत बसलीय, हसली.

आम्ही पद्मशाली, घरात तेलुगू. आजोबा मागावर बसायला तेलंगणातनं आले ते इथलेच झाले. बाप यंत्रमागावर, आई बिडीवर, आमच्या गल्लीत घरोघरी हेच. रात्री पानं भिजवायची, सकाळी मापाचा पत्रा ठेवून कात्रीनं कापायची, मग सूप मांडीवर घेऊन बसायचं. हजार पुऱ्या होईस्तोवर मान वर नाही.

मला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारात तिला सात रस्त्याकडं पावभाजी खायला नेलं. त्याआधी ती कधी हॉटेलात टेबलाशी बसली नव्हती. गर्दी होती, ऑर्डर यायला उशीर. मी फोनवर. वर बघतो तर हिनं टेबलावरचे कागदी रुमाल फाडून चार बिड्या वळलेल्या! बारीक, एकसारख्या, तोंडं नखानं दुमडलेली, ओळीत लावलेल्या. पाचवी चालू. शेजारच्या टेबलावरची लहान मुलगी खुर्चीवर उभी राहून बघूलाली. मी म्हणालो, अम्मा, काय हे. ती तेलुगूत म्हणाली, हात रिकामे ठेवले की दुखतात.

आता खाण्याचं. पूर्व भागात रविवारचं बाहेरचं खाणं म्हणजे भाजणालय. निखाऱ्यावरचं शीक, कांदा, लिंबू, बस. आमच्याकडं बायका आत जाऊन बसत नसत, पार्सल घरी यायचं. माझी बायको पुण्याची. लग्नानंतर दुसऱ्याच रविवारी म्हणाली, पार्सल नको, तिथंच गरम खाऊ. मी तिला टाळायला दहा कारणं सांगितली. शेवटी गेलो. आत गेल्यावर एकदम गप्प झालं सगळं. मग कोपऱ्यातल्या दोघातिघांनी ताटल्या उचलून बाक मोकळा केला आणि भट्टीवरचे म्हातारे अण्णा तिला मराठीत म्हणाले, "अक्का, तिखट चालतंय का?" ही ऐटीत म्हणाली, चालतं की. पहिल्या घासाला डोळ्यातनं पाणी. पण सोडलं नाही बे तिनं, दुसरी प्लेट मागितली. आता तिच्या ओळखीनं मला लवकर मिळतं.

बाळीवेस

शीक वाचून आमच्या घरातले लोक नाक मुरडतील. शाकाहारी घर आहे, घरात कानडी. माझं माहेर रत्नागिरी.

लग्न डिसेंबरात झालं. जानेवारीत सासूबाई म्हणाल्या, "उद्या लग्नाला जायचंय, लवकर आवर." नवी सून, जास्त विचारायचं कसं? शालू नेसले, दागिने घातले. आहेराच्या पाकिटात एकशे एक रुपये घालून पर्समध्ये ठेवले. रस्त्यात भीत भीत विचारलं, नवरी कुणाकडची?

"कुंभाराकडची."

मी म्हटलं, कुठले कुंभार? आडनाव काय? सासूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवलं तरी पोटात गोळा येतो. मागून नणंद हसून हसून रस्त्यात बसली.

सोलापूरकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी लिहिते. सोलापूरचं ग्रामदैवत असलेल्या सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचा कुंभारकन्येचा हट्ट होता आणि त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायची परवानगी दिली, अशी कथा. तेच लग्न दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास लागतं. आदल्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक, मग संमती कट्ट्यावर अक्षता, दुसऱ्या दिवशी होम. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं सात नंदीध्वज पेलत आणतात. त्या गर्दीत माझा नवरा होता. घरात तो पाण्याचा हंडा उचलत नाही, आणि तिथं तेवढ्या उंच काठीचा तोल सांभाळत घामाघूम होऊन चालला होता. अक्षता पडल्या तेव्हा मीही टाकल्या. चहूकडून एवढ्या आल्या की अंबाड्यातून दोन दिवस तांदूळ निघत होते.

पाकीट? ते संध्याकाळी सासूबाईंनीच मागून घेतलं आणि होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेत आम्ही सगळे पाळण्यात बसलो त्या पैशात. उरलेल्याचे चुरमुरे-फुटाणे. या गोष्टीला २२ वर्षं झाली. दर संक्रांतीला कुणीतरी विचारतंच, "काय गं, नवरीचं आडनाव कळलं का?"

रेल्वे लाइन्स

नळदुर्गचा अनुभव थोडक्यात. पाहुण्यांना "नर-मादी धबधबे दाखवतो" म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात घेऊन गेलो. बोरी नदीचं पाणी बंधाऱ्यावरून जाईल तेव्हा धबधबा, एवढं साधं डोक्यात आलं नाही. भिंतीवर दोन काळपट ओघळ होते. मेहुणा नागपूरचा. म्हणाला, "भाऊजी, यातला नर कोणता?"

पण त्याच बंधाऱ्याच्या पोटात पाणी महाल आहे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला. बाहेर ऊन भाजून काढत होतं, आत ओल्या मातीच्या माठासारखा गारवा. खिडकीत बसून आम्ही धपाटे, दही आणि ठेचा संपवला. पोरं आरामात झोपली. मेव्हण्याची बायको अजून म्हणते, धबधबा राहू दे, त्या खिडकीत परत जाऊ.

ऑगस्ट-सप्टेंबरात, चांगला पाऊस झाल्यावर जा. आणि जायच्या आधी तिकडच्या कुणाला तरी फोन करा.

विजापूर रोड

विजापूर रोडला राहून पंचेचाळीसाव्या वर्षापर्यंत विजापूर बघितलं नव्हतं. शंभर किलोमीटरवर तर आहे. गेलो तेव्हा आमच्यात अबोला होता.

कारण ऐका. पाण्याच्या दिवशी गच्चीवरची टाकी भरून वाहिली. मोटार चालूच राहिली. पाणी जिन्यातनं खालच्या बिऱ्हाडात, त्यांच्या गादीवर. ह्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं की चूक माझी, आणि घरी येऊन मला म्हणाले, "पण मोटार मी लावलीच नव्हती." मी म्हटलं, मी पण नाही. झालं. तीन दिवस "चहा ठेवलाय" एवढंच संभाषण. सहल आधीच ठरलेली, गाडीचे पैसे दिलेले, सासू-सासरे बरोबर.

गोल गुंबजाचे जिने चढून वर सज्जात गेलो. सासू-सासरे खाली महंमद आदिलशहाच्या थडग्यापाशी बसले. गाइड म्हणाला, साहेब तुम्ही समोर जा, मॅडम इथं भिंतीला तोंड लावून हळू बोलतील, तुम्हाला ऐकू येईल. हे गेले पार पलीकडं, मुठीएवढे दिसूलाले. मला काय सुचलं देव जाणे. भिंतीला तोंड लावून पुटपुटले, "मोटार मीच चालू ठेवली होती."

पलीकडं ह्यांनी हात वर केला. ऐकू आलं होतं. पण सज्जात एक मराठी शाळेची सहल होती हे माझ्या लक्षात नव्हतं. एका कार्ट्यानं पुरा घसा ताणून ओरडून सांगितलं, "मोटार मीच चालू ठेवली होतीऽऽ!" आणि गुंबजानं ते सात वेळा कबूल केलं.

खालून सासूबाईंचा आवाज आला, "मला माहीतच होतं."

मुरारजी पेठ, सध्या पुणे

वडील इतिहास शिकवायचे. त्यांच्या दृष्टीनं सहल म्हणजे शिलालेख. दहावीच्या परीक्षेआधी मला हत्तरसंग कुडलला नेलं, भीमा-सीनेच्या संगमावर. तिथल्या मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी लेख आहे, सर्वांत जुन्या मराठी लेखांत त्याची गणना होते. शेवटी जे कोरलंय त्याचा अर्थ, जो हे वाचील तो विजयी होईल. वडिलांनी मला तुळईखाली उभं करून बोट फिरवत अक्षर न् अक्षर वाचायला लावलं. मान अवघडली. बाहेर ३५९ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे, ते मी मोजायला घेतलं आणि साठाच्या पुढं नाद सोडला.

गणितात ३६ पडले. वडील निकाल बघून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तू शेवटचा शब्द नीट वाचला नव्हतास."

मागच्या वर्षी ते गेले. दिवस झाल्यावर मुलीला घेऊन कुडलला जाऊन आलो. तिला सगळं वाचायला लावलं. शेवटचा शब्द दोनदा.

शेळगी

एवढं सगळं झालं आणि हुरड्याचं कुणीच लिहिलं नाही? आगटीत कणसं भाजायची, गरम गरम हातावर चोळायची, फुंकायची, खायची. दाणे शिजताना जो गोडसर वास सुटतो तो कुठल्याही हॉटेलात मिळत नाही. यंदा अमेरिकेतला मित्र आला होता. त्यानं हुरड्याला चमचा मागितला. त्याला आमच्या आजीनं जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही.

धागा काढणारी

सगळं वडिलांना वाचून दाखवलं. मोटारीच्या गोष्टीला हसले, कुडलच्या गोष्टीला चष्मा काढून पुसला. पण अडकले ते अशोक चौकापाशी. विचारतात, कागदाची बिडी वळताना आतला पदर सुटत कसा नाही? त्या माउलीला विचारून सांगा.

वर असंही म्हणाले की त्या पोराला सांग, रविवारी भाजणालयात मला घेऊन चल, टॉवेल माझा मी आणतो. मी कॅलेंडर बघितलं. रविवारी आमच्याकडं पाण्याचा दिवस आहे. त्याच्या पुढचा रविवार चालेल का?