छोट्या मुक्तस्रोत प्रकल्पात रिलीज आणि हॉटफिक्स कसे सांभाळता? सल्ला हवा

पागोळी

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं मिळून पायथनमधली एक छोटी मुक्तस्रोत लायब्ररी सांभाळतो. देवनागरी मजकूर शोधण्याजोगा करणं हे तिचं काम. एकच शब्द निरनिराळ्या प्रकारे टंकलेला असतो, तो एकसारखा करायचा, मधली अदृश्य चिन्हं गाळायची, वगैरे. दोन ग्रंथालयांच्या सूची आणि जुन्या नियतकालिकांचा एक संग्रह तिच्यावर चालतो. तिघंही नोकरी करून उरलेल्या वेळात हे करतो.

गेल्या दीड महिन्यात काय झालं ते क्रमाने सांगते, म्हणजे चूक कुठे झाली ते तुम्हाला दाखवता येईल.

२.३.० मध्ये आम्ही नुक्ता (अक्षराखालचा टिंब) गाळायची सोय दिली. कुणी 'ज़मीन' लिहितं, कुणी 'जमीन', शोधताना दोन्ही सापडावेत म्हणून. मजकूर एनएफडी रूपात, म्हणजे अक्षर आणि त्याची चिन्हं सुटी करून, न्यायचा, नुक्त्याचं चिन्ह काढायचं आणि पुन्हा जोडायचा. दोनच दिवसांत एका ग्रंथपालबाईंची मेल आली की 'आचाऱ्यांना' शोधलं तर 'आचार्यांना' येतंय. स्वयंपाकी आणि गुरुजी एक झाले! युनिकोडमध्ये आपला ऱ हा र आणि नुक्ता असा सुटतो, आणि आमच्या कोडने तोही नुक्ता गाळला. मराठीसाठी म्हणून काढलेल्या लायब्ररीत हे व्हावं याचं फार वाईट वाटलं.

दुरुस्ती चार ओळींची होती. मी ती मेनवर (कोडच्या मुख्य ब्रांचवर, म्हणजे शाखेवर) केली आणि मेनवरूनच २.३.१ काढली. पण तोवर मेनवर एका सहकाऱ्याचं नव्या अनुक्रमणिकेचं अर्धवट काम येऊन पडलं होतं आणि त्याला एक नवी डिपेंडन्सी (आधाराला दुसरी लायब्ररी) लागत होती. ग्रंथालयातल्या जुन्या मशीनवर ती इन्स्टॉल होईना. मी घाबरून पायपीआय या पायथन पॅकेजांच्या भांडारातली २.३.१ डिलीट केली, तोच आकडा ठेवून दुरुस्त प्रत चढवायला गेले, तर तेच फाइलनाव दुसऱ्यांदा चालत नाही म्हणे. गिट या कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातला टॅगही, म्हणजे त्या आवृत्तीची खूणही, हलवून ठेवला. मग मेनवरचं सगळं रिव्हर्ट केलं, म्हणजे उलटवलं, माझ्या दुरुस्तीसकट. सहकाऱ्याने २.३.० वरून वेगळी ब्रांच काढून तीच दुरुस्ती पुन्हा केली आणि २.३.२ दिली. ती ब्रांच मेनमध्ये आणायची राहून गेली. परवा २.४.० गेली आणि आचारी पुन्हा आचार्य झाले.

आता विचारायचं ते हे. ब्रांच किती ठेवाव्यात, गिट-फ्लो ही ब्रांचची पद्धत घ्यावी का? हॉटफिक्स, म्हणजे रिलीजनंतरची तातडीची दुरुस्ती, आधी मेनवर करायचा की जुन्या ब्रांचवर? बिघडलेलं रिलीज मागे घ्यायची रीत काय? आणि १.९ वर अजून काही लोक आहेत, त्यांना कुठवर सांभाळायचं?

माळरान

पागोळीताई, इतकं नीट लिहिलंत की उत्तर तुमच्याच मजकुरात आहे. वापरणाऱ्याच्या हातात २.३.० होती, तर हॉटफिक्सची सुरुवात २.३.० च्या टॅगपासून व्हायला हवी. सहकाऱ्याने दुसऱ्या खेपेला तेच केलं आणि ते बरोबर होतं. मेनवर काय काय येऊन पडलंय याच्याशी त्या ग्रंथपालबाईंचा काही संबंध नाही. हॉटफिक्समधून त्यांना फक्त त्या चार ओळी मिळायला हव्यात.

गिट-फ्लोबद्दल. ती पद्धत व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी जानेवारी २०१० मध्ये मांडली: मास्टर, डेव्हलप, शिवाय फीचर, रिलीज आणि हॉटफिक्स अशा तीन जातींच्या ब्रांच. मार्च २०२० मध्ये त्यांनी स्वतःच त्या लेखाच्या माथ्यावर टीप जोडली, की सतत नवं चढत राहणाऱ्या वेब-ॲपसाठी याहून सोपी पद्धत घ्या, आकडे लावून आवृत्त्या देणाऱ्या किंवा एका वेळी अनेक आवृत्त्या सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र ही अजून शोभते. तुमची लायब्ररी दुसऱ्या प्रकारात बसते. तरी तीन माणसांना डेव्हलप आणि मास्टर हा दुहेरी संसार जड जाईल असं मला वाटतं. मेन एक, आणि प्रत्येक मायनर (मधला आकडा बदलणाऱ्या) आवृत्तीला एक स्थिर ब्रांच, म्हणजे '२.३.एक्स', '२.४.एक्स'. २.४.० काढायची वेळ आली की ब्रांच पाडा, पुढे २.४ ची प्रत्येक पॅच (शेवटचा आकडा बदलणारी दुरुस्ती) तिच्यावरून. मेनवर अर्धवट काम आलं तरी मग बिघडत नाही.

अर्धवट कामसुद्धा मेनवर यायचं असेल तर स्विचमागे, बंद अवस्थेत यावं, आणि त्याची डिपेंडन्सी ऐच्छिक ठेवावी.

आडवाट

दुरुस्ती आधी कुठे, यावर दोन घराणी आहेत आणि दोन्ही मोठी आहेत.

लिनक्स कर्नलचं घराणं सांगतं की आधी मुख्य झाडात. २००५ पासून त्यांचा वेगळा स्थिर वृक्ष आहे, आणि त्याचा पहिला नियमच असा की पॅच आधी लिनस टोरवाल्ड्सच्या झाडात पोचलेला हवा. त्याशिवाय जुन्या आवृत्तीत घेत नाहीत. पॅच लहान हवा, आजूबाजूच्या ओळी धरून शंभरच्या आत, आणि एकच गोष्ट दुरुस्त करणारा. जँगो या पायथनमधल्या वेब-फ्रेमवर्कमध्येही दुरुस्ती आधी मेनवर होते, मग चेरी-पिक करून (तेवढाच बदल उचलून) स्थिर ब्रांचवर नेतात आणि कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशाच्या सुरुवातीला चौकटी कंसात त्या ब्रांचचं नाव लिहितात.

दुसरं घराणं खुद्द गिटचं. त्यांच्या कार्यपद्धतीच्या दस्तऐवजात लिहिलंय की जी सर्वांत जुनी आवृत्ती अजून सांभाळता आणि जिच्यात तो दोष आहे, तिथे दुरुस्ती करा, मग तिथून वर वर, म्हणजे नव्या ब्रांचकडे, मर्ज करत (मिसळत) या. त्यांची मेंट (देखभालीची) ब्रांच मास्टरमध्ये जाते, मास्टर नेक्स्टमध्ये.

मी तुम्हाला कर्नलची रीत सुचवेन. कारण विसरण्याचं आहे, आणि उरलेल्या वेळात काम करणारे लोक विसरणारच. मेनवर दुरुस्ती करून जुन्या ब्रांचवर न्यायला विसरलात, तर ज्याने तक्रार केली तोच चार दिवसांत पुन्हा विचारतो. उलट्या बाजूने विसरलात तर दोष पुढच्या मोठ्या रिलीजमध्ये परत येतो, म्हणजे तुमच्या बाबतीत झालं तेच. चेरी-पिक करताना 'एक्स' पर्याय लावा, म्हणजे मूळ कमिटचा क्रमांक संदेशातच राहतो.

खिडकीपाशी

आडवाट, सगळं पटलं, निष्कर्ष नाही पटला. वर मर्ज करण्याच्या पद्धतीत काय राहिलंय ते गिट स्वतः सांगतं. '२.३.एक्स'वर आहे पण मेनवर नाही अशा कमिटची यादी मागा. रिकामी आली तर काहीच राहिलेलं नाही. रिलीजच्या आधी ही तपासणी आपोआप लावता येते. चेरी-पिकने मात्र तोच बदल दुसऱ्या कमिटच्या नावाने जातो, आणि मध्ये एखादी ओळ हाताने जुळवावी लागली की दोन्ही एकच आहेत हे गिटला ओळखता येत नाही. मग आपण डोळ्यांनी ताडून बसतो.

आमच्याकडे गेली कित्येक वर्षं जुन्यावरून वर असंच चालतं. त्रास एकच, आवृत्तीचा आकडा असलेली फाइल दर मर्जला भांडते. तो आकडा टॅगवरून घ्यायला लावला आणि ते भांडणही मिटलं.

आडवाट

तपासणीचा मुद्दा खरा आहे, मान्य. दोन ब्रांच जवळजवळ असतील तर तुमची रीत चांगली चालते. पागोळींकडे १.९ आणि २.४ आहेत. १.९ वरची दुरुस्ती वर मर्ज करायला गेलं तर अर्धी लायब्ररी आडवी येईल, म्हणून मी तसं म्हणालो. पागोळी, दोन्हींपैकी कुठलीही एक घ्या, पण तिघांनी एकच घ्या आणि रिपॉझिटरीत लिहून ठेवा. तुमच्याकडे पहिल्या खेपेला एक रीत झाली, दुसऱ्या खेपेला दुसरी, आणि दुरुस्ती त्या दोन्हींच्या मध्ये पडली.

दुपारचा चहा

मागे घेण्याबद्दल. पायपीआयवर डिलीट करू नका, यँक करा. पेप ५९२ या पायथनच्या दस्तऐवजाप्रमाणे यँक केलेली आवृत्ती पिप (पॅकेज इन्स्टॉल करणारं साधन) आपणहून निवडत नाही, पण ज्याने नेमका तोच आकडा बांधून ठेवलाय त्याला ती मिळत राहते, त्याचं चालू काम मोडत नाही. यँक करताना कारण लिहायची जागा असते, तिथे एक ओळ लिहाच.

टॅग हलवणं मात्र कधीच नको. ज्याने आधी ओढून घेतलाय त्याच्याकडे जुनाच टॅग राहतो, आणि एकाच आकड्याचे दोन वेगळे कोड जगात फिरतात. सेमव्हर या आवृत्त्यांच्या आकड्यांच्या नियमावलीतही स्पष्ट आहे की एकदा बाहेर पडलेल्या आवृत्तीत काही बदलायचं नाही, बदल करायचा तर नवी आवृत्ती काढा. आकडे फुकट असतात हो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या जावा लायब्ररीतला तो गंभीर सुरक्षा-दोष बाहेर आला तेव्हा २.१५.० दिली, ती दुरुस्ती अपुरी निघाली, म्हणून २.१६.०, मग २.१७.०, मग २.१७.१. सगळं त्याच महिन्यात. त्या स्वयंसेवकांवर किती ताण असेल, तरी त्यांनी दर वेळी नवा आकडाच काढला. कुणाकडे नेमकं काय आहे हे त्यामुळे सांगता येत होतं.

आणि एक विचारायचं राहिलं, तुमचं पॅकेज बनतं कुठे? कुणाच्या लॅपटॉपवर बनत असेल तर ते थांबवा. टॅग पडला की सीआयने (आपोआप बांधणी आणि चाचणी करणाऱ्या यंत्रणेने) त्या टॅगवरून बांधावं आणि तिथूनच चढवावं. पायपीआयवर २०२३ पासून ट्रस्टेड पब्लिशिंग आहे, त्यामुळे कायमचा टोकन (चढवायची गुप्त किल्ली) कुणाकडे ठेवावा लागत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल लहान करणाऱ्या साधनातलं जे छुपं मागलं दार उघडकीला आलं त्यात रिलीजच्या टारबॉलमध्ये (कोडच्या गठ्ठ्यात) गिटमध्ये नसलेला मजकूर होता. तेव्हापासून मी या बाबतीत फार हट्टी झालोय.

कानामात्रा

मी प्रोग्रामर नाही, टंक आणि युनिकोड यांत रमणारी आहे. धागा वाचताना एका वाक्यावर अडखळले, 'अदृश्य चिन्हं गाळायची'. पागोळी, त्यात शून्य रुंदीचं जोडचिन्हही गाळता का, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात ते? बऱ्याच जुन्या मजकुरात ऱ्य हा ऱ वापरून लिहिलेला नसतो. र, हलन्त, झेडडब्ल्यूजे आणि य असा असतो. झेडडब्ल्यूजे काढलं की उरतं र्य. म्हणजे नुक्त्याला हात न लावताही 'दऱ्या'चा 'दर्या' होणार, डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र. आधी र-हलन्त-झेडडब्ल्यूजेचा ऱ-हलन्त करून घ्या आणि मगच अदृश्य चिन्हं काढा.

पागोळी

कानामात्रा, तुमचा प्रतिसाद वाचून रात्रीच तपासलं. तुमचं शंभर टक्के खरं आहे. हा दोष नुक्त्याच्या सोयीआधीपासून आहे, १.९ मध्येसुद्धा. म्हणजे नियतकालिकांच्या संग्रहात इतकी वर्षं 'दऱ्या' आणि 'दर्या' एकत्रच होते आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. मनापासून आभार.

आता नवी अडचण. आमच्याकडून एकसारखे करून घेतलेले शब्द लोक स्वतःच्या डेटाबेसमध्ये साठवतात. नियम बदलला तर नव्याने शोधलेला 'दऱ्या' जुन्या साठवलेल्या 'दर्या'शी जुळणारच नाही. मग ही पॅच म्हणायची की मोठी आवृत्ती?

माळरान

मी पॅच म्हणेन. निकाल चुकीचा येत होता, तो बरोबर केला, हीच दोषदुरुस्तीची व्याख्या. पण चेंजलॉगच्या (बदलांच्या यादीच्या) पहिल्या ओळीत, बाकी काहीही लिहायच्या आधी, 'ही आवृत्ती घेतल्यावर अनुक्रमणिका पुन्हा बांधावी लागेल' असं साध्या मराठीत आणि इंग्रजीतही लिहा. ग्रंथपाल चेंजलॉग वाचतात, कमिट वाचत नाहीत. नुक्ता आणि झेडडब्ल्यूजे या दोन दुरुस्त्या दोन वेगळ्या कमिटमध्ये ठेवा, एकीत गफलत निघाली तर दुसरी न हलवता ती काढता येईल.

आणि थेट २.४.१ नको. आधी २.४.१ आरसी१, म्हणजे अंतिम रिलीजआधीची चाचणीची प्रत, चढवा. पिप अशी पूर्वआवृत्ती सांगितल्याशिवाय घेत नाही, त्यामुळे बाकीच्यांना धक्का नाही. ज्यांनी तक्रार केली त्यांनाच चार दिवस वापरून बघायला सांगा.

दुपारचा चहा

१.९ बद्दल कुणी बोललं नाही म्हणून. पायथन प्रत्येक आवृत्ती पाच वर्षं सांभाळतं, पण त्यातली शेवटची वर्षं फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. जँगोची दीर्घ मुदतीची आवृत्ती तीन वर्षं चालते. त्यांच्यामागे माणसं आहेत. तुम्ही तिघं आहात. एक तारीख ठरवा, सहा महिन्यांनंतरची म्हणा, आणि रीडमीमध्ये लिहा की तोवर १.९ ला फक्त निकाल चुकवणारे दोष आणि सुरक्षा एवढंच मिळेल. लोक तारीख सांगितली तर समजून घेतात. काही न सांगता उत्तरं द्यायचं थांबवलं तर दुखावतात.

पागोळी

काल रात्री तिघं बोललो. मेनवर आधी आणि 'एक्स' लावून चेरी-पिक, हे ठरलं. खिडकीपाशी, तुमची तपासणी आम्ही आमच्या परीने घेतली आहे. प्रत्येक दोषाच्या नोंदीवर 'मेन', '२.४.एक्स', '१.९.एक्स' अशा तीन चौकटी, आणि तिन्ही भरल्याशिवाय नोंद बंद करायची नाही. जिथे तो दोष नाही तिथे तसं लिहून चौकट भरायची.

चाचण्यांमध्ये आचाऱ्यांना, आचार्यांना, दऱ्या, दर्या हे चारही शब्द ऱ्यच्या दोन्ही लिखाणांसह टाकलेत. चाचणी आधी लिहिली, ती नापास झालेली पाहिली आणि मगच कोडला हात लावला. २.४.० यँक केली, कारणात 'ऱ चा र होतो' एवढंच लिहिलं. २.४.१ आरसी१ आज सकाळी सीआयवरून गेली. ग्रंथपालबाईंना कळवलंय, त्या शनिवारी सूची नव्याने बांधून बघणार आहेत.

१.९ साठी सहकारी बसलाय. तिथे अदृश्य चिन्हांचा कोड अगदी वेगळा आहे, चेरी-पिक सरळ लागत नाही, हाताने लिहावं लागेल. कानामात्रा, तो पॅच झाला की इथे दुवा देते. एकदा नजर टाकाल का?

कानामात्रा

आनंदाने. ऱ्य सोबत ऱ्ह पण तपासा, 'कऱ्हाड', 'गिऱ्हाईक', 'तऱ्हा'. जुन्या अंकांत हे शब्द खूप असतील.