वडिलांना हॉस्पिसमध्ये ठेवल्याबद्दल नातेवाईक दोष देतात. त्यांना काय सांगावे?

प्रश्न:
माझ्या वडिलांचा फुप्फुसाचा कर्करोग इतरत्र पसरला असून केमोथेरपीचा आता उपयोग नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांच्याच इच्छेने आम्ही त्यांना हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची काळजी घेणाऱ्या केंद्रात, ठेवले आहे. तेथे त्यांच्या वेदना आटोक्यात आहेत आणि त्यांना झोपही लागते. मात्र ‘मुलांनी हात झटकले, बापाला मरायला नेऊन टाकले’ असे नातेवाईक बोलतात. मॉर्फिन या तीव्र वेदनांवरील औषधाने ते लवकर जातील, असेही त्यांनी आईच्या मनात भरवले असल्यामुळे ती भेटायला जायलाही कचरते. या बोलण्याला कसे तोंड द्यावे?

उत्तर १:
मी पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातील वेदना व त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या, विभागात परिचारिका आहे. नातेवाइकांचे नंतर पाहता येईल; आधी आईंची भीती दूर करा. वेदना पाहून, बेताबेताने वाढवत दिलेल्या मॉर्फिनमुळे मृत्यू लवकर ओढवत नाही. अखेरच्या टप्प्यात रुग्णाची भूक मंदावते आणि झोप वाढते, ती मुख्यतः आजारामुळे. पण नेमके त्याच सुमारास औषध सुरू झालेले असल्याने दोष औषधावर येतो. हे आईंना तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी, वडिलांच्या समक्ष, समजावून सांगितलेले बरे.

उत्तर २:
पॅलिएटिव्ह केअरची सेवा म्हणजे उपचार सोडून देणे, हा समजच मुळात चुकीचा आहे. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांवरील, २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, निदानानंतर लगेचच नेहमीच्या उपचारांसोबत ही सेवा मिळालेल्या गटाचा मध्यक जीवनकाल (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) ११.६ महिने, तर केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचा ८.९ महिने होता. अर्थात तुमच्या वडिलांचा टप्पा वेगळा आहे, त्यामुळे हे आकडे सांगून कोणाला आयुष्य वाढण्याची आशा लावू नका.

उत्तर ३:
माझ्या पत्नीच्या आजारपणात मीही हेच ऐकले आहे. आकड्यांनी नातेवाईक गप्प होतील, असे मला वाटत नाही, कारण अनेकदा त्यांच्या रागामागे आपल्याला काही करता आले नाही ही बोच असते. जो सर्वाधिक बोलतो, त्याला वाद न घालता तासभर वडिलांजवळ बसायला बोलवा. वडील बोलू शकत असतील, तर हा निर्णय आपला स्वतःचा आहे, हे त्यांनाच सांगू द्या. मुलांवरचा आरोप खोडून काढण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणालाच नाही. तरीही जे फोनवरून दूषणे देत राहतील, त्यांच्याशी घरातील एकाच व्यक्तीने बोलावे आणि आईंना त्यातून पूर्णपणे वगळावे.