तोफेचा गाडा मोडत कसा नसे? (पर्वरीतल्या सोसायटीचा ग्रुप, रविवार रात्र)

मेघा, सी-१०२: आज पोरांना घेऊन रेइश मागुशचा किल्ला पाहून आलो. आमच्या चिरंजीवांनी तोफेच्या तोंडात कोपरापर्यंत हात घालून चिप्सचं रिकामं पाकीट बाहेर काढलं 🤦‍♀️ आता जेवताना एकच धोशा: एवढी तोफ उडायची तर खालचा लाकडी गाडा मोडत कसा नसे? त्याच्या बाबांनी हात टेकले. आप्पा, तुम्हीच सांगा.

सुहास, ए-२०१: जुनं पक्कं सागवान असणार. आपल्या दारांसारखं प्लायवूड नव्हे 😄

आप्पा, बी-३०२: सागवान होतंच, युरोपात ओक आणि एल्म. पण गाडा टिकायचा तो मागे पळायला मोकळा असायचा म्हणून. २४ पौंडी तोफ घे. गोळा ११ किलोचा, तोफ अडीच टनांची. गोळा सुटतो सेकंदाला ४००-४५० मीटरने. तोफ त्याच्या सव्वादोनशे पट जड, म्हणून ती सेकंदाला दोन-तीन मीटरनेच मागे येते, पोरं धावतात तेवढी. चाकं घासत घासत धक्का जिरतो. मागे भिंत लावून उडवली तर तोच धक्का एका क्षणात बसणार, मग कसलं सागवान आणि काय!

सुहास: आणि जहाजावर? तोफ मागच्या मागे समुद्रात?

आप्पा: नाही रे बाबा. तोफेच्या बुडाला, म्हणजे मागच्या टोकाला, जाड दोरखंड, त्याची टोकं जहाजाच्या भिंतीला. तोफ मागे आली की त्यावर तटायची. तोवर तोंड आत आलेलं, तिथेच पुढचा बार भरायचा.
मेघा, पुढच्या वेळी पोराला तोफेच्या दोन्ही अंगांचे गोल खुंटे दाखव. गाड्यात धक्का जातो तो त्यांतून. बऱ्याच जुन्या तोफांत ते नळीच्या मध्यरेषेखाली असत. मग बार उडाला की बूड वर न उसळता गाड्यावरच दाबलं जायचं.

मेघा: पण नळीच फुटली तर?

आप्पा: फुटायच्या की. दारू पेटते तिथे दाब सगळ्यात जास्त, म्हणून बूड जाड आणि तोंडाकडे निमुळती. ओतीव लोखंडाची फुटली तर ठिकऱ्या, गोलंदाज जागीच जायचे. पंचरसी, म्हणजे तांबं आणि साधारण दहावा हिस्सा कथील, ती बहुधा आधी फुगायची, चिरायची. महाग, पण इशारा देणारी. विजापूरची १५४९ ची मलिक-ए-मैदान अशीच ओतलेली, ५५ टनांची.

कुंदावहिनी, ए-००१: आप्पा, तोफ राहू दे. पंप परत थरथरतोय, बोल्ट सैल झालेत. मागच्या महिन्यातच आवळले होते ना?

आप्पा: त्या मेकॅनिकने थेट सिमेंटावर आवळलेत, वहिनी. खाली रबर नाही, हलायला जागा नाही. सगळी थरथर बोल्टांवर.

सुहास: म्हणजे आमचा पंप भिंतीला टेकलेली तोफ 😂

आप्पा: उद्या सातला रबर घालतो. सुहास, टॉर्च धरायला तू ये.